छपराचा जीव जोडात

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूडपासून मंडणगड, दापोलीपर्यंत असंख्य घरे बोडकी झाली. कौले फुटली, सिमेंटचे पत्रे तडकले, लोखंडी पत्रे उडून शेजारच्या वाडीत जाऊन पडले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले. पाऊस तोंडावर असल्याने लोकांनी मिळेल तो पत्रा, मिळेल त्या भावाने आणून ठोकला. त्यांना दोष देता येणार नाही. पण आज सवडीने, हौसेने घर बांधणारेही तोच पत्रा तसाच ठोकून घेतात, हे मात्र खटकते.

कौले उतरवण्यामागची कारणे खरी आहेत. वानरांच्या टोळ्या कौले फोडतात, पावसाआधी ती परतायला माणूस मिळत नाही, वाशांना वाळवी लागते. म्हणून पत्रा येतो. दुकानात चौकशी होते ती जाडीची, रंगाची आणि फुटाच्या भावाची. पत्रा खालच्या सांगाड्याला कशाने धरून ठेवणार, हे क्वचितच कोणी विचारते.

नेहमीच्या पत्र्यात स्क्रू पत्र्याला आरपार भोक पाडून खालच्या पाइपात जातो. पाणी अडवायला असतो फक्त एक रबरी वॉशर. उन्हात पत्रा तापतो, रात्री निवतो. तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर दहा मीटर लांबीचा लोखंडी पत्रा जवळपास 5 मिलिमीटर सरकतो, ॲल्युमिनियमचा 9. स्क्रू त्याला सरकू देत नाही, म्हणून भोक हळूहळू लांबट होते. वॉशर कडक होऊन चिरतो, स्क्रूभोवती गंजाचे तांबडे कडे उमटते आणि पाणी थेट पाइपावर उतरते. एका घरावर अशी शेकडो भोके असतात.

‘स्टँडिंग सीम’ छपरात ही भोकेच नसतात. दोन पट्ट्यांच्या कडा उभ्या करून, करंजीला मुरड घालावी तशा एकमेकींत दुमडतात. त्या घडीच्या आत क्लिपा लपलेल्या असतात. स्क्रू बसतो तो क्लिपेत, पत्र्यात नाही. सरकत्या क्लिपा वापरल्या की पत्रा हवा तसा वाढतो, आखडतो. जोड पाण्याच्या वाटेपासून उंच राहतो, म्हणून उतार कमी असला तरी चालते.

ही काही कालची नवलाई नव्हे. पॅरिसची जस्ताची छपरे एकोणिसाव्या शतकापासून अशाच उंच उचललेल्या जोडांवर उभी आहेत आणि ती घडवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला युनेस्कोने 2024 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. रोममधल्या सॅन जोआकिनो चर्चच्या घुमटावर 1897 मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा चढला. चांगला धातू नीट बसवला तर किती टिकतो, याचा तो पुरावा आहे.

समुद्राजवळ धातूची निवड फार महत्त्वाची. जस्त-ॲल्युमिनियमचा लेप दिलेला पोलादी पत्रा आतल्या गावांत उत्तम चालतो, पण खाऱ्या वाऱ्यात कापलेल्या कडेपासून गंज धरतो. अनेक कंपन्या हमी देताना किनाऱ्यापासूनच्या अंतराची अट घालतात, ती बारीक अक्षरे वाचायलाच हवीत. किनाऱ्यालगत ॲल्युमिनियम घ्यावे, क्लिपा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. तांब्याची तार किंवा ओले सिमेंट ॲल्युमिनियमला लागू देऊ नये.

वादळाचे म्हणाल, तर वारा छप्पर नुसते ढकलत नाही, ते वर खेचतो. ही ओढ सर्वाधिक असते कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला. तिथे क्लिपा जवळजवळ हव्यात. क्लिपांत हयगय झाली, तर महागडे छप्परही साध्या पत्र्यासारखेच उडेल.

खर्च जास्त आहे, हे मान्य. पत्र्याखाली उष्णतारोधक थर घातला नाही, तर पावसाचा आवाज आणि उन्हाची धग दोन्ही सोसावे लागतात, त्याचे पैसे वेगळे. आणि घडी घालणारे कसबी हात कोकणात अजून मोजकेच. आयटीआयमध्ये हे काम शिकवले, तर गावच्या मुलांना गावातच रोजगार मिळेल. पण ज्याला राहत्या घरावर धातूचेच छप्पर घालायचे आहे, त्याने फरशी थोडी साधी घ्यावी आणि तो पैसा छपरात घालावा. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कारागिराकडून जोडाचा आणि क्लिपेचा नमुना मागून घ्या, आणि कडेला क्लिपा किती अंतरावर बसवणार, हे त्याच्याकडून लिहून घ्या.