फुगलेल्या शिरा, लेझरच्या जाहिराती आणि आपली क्रेप बँडेज

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण घरात कोणाच्या पायावर निळ्या-हिरव्या गाठोड्या दिसत असतील तर शेवटपर्यंत वाचा.

एक साधा प्रश्न. आपल्या हिंगणी-सेलू भागात पायाच्या फुगलेल्या शिरांवर, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सवर, सगळ्यात जास्त चालणारा उपचार कोणता? लेझर? नाही. ऑपरेशन? तेही नाही. सगळ्यात जास्त चालते ती क्रेप बँडेज, तीही स्वतःच्या हाताने गुंडाळलेली. त्यानंतर दुखण्याची गोळी. मग चोळायचं तेल, कोणीतरी सांगितलेला लेप, आणि खाज सुटली की इसबाचं मलम. मी औषधाच्या दुकानात बसतो, डॉक्टर नाही. पण पायासाठी कोण काय घेऊन जातं, हे काउंटरच्या आतून रोज दिसतं. "नस फुगली हो, पाय लय ठणकते, काही द्या." हे वाक्य कापूस वेचणारी बाई म्हणते, एसटीचा कंडक्टर म्हणतो, भट्टीपाशी दिवसभर उभा राहणारा हॉटेलवाला म्हणतो, वर्गात उभं राहून शिकवणारे गुरुजीही म्हणतात.

दुसरीकडे नागपूरला जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बोर्ड: विना ऑपरेशन, विना टाके, एका दिवसात घरी. जणू लेझर सोडून या आजाराला दुसरा इलाजच नाही. एका टोकाला साठ-सत्तर रुपयांपासून मिळणारी पट्टी, दुसऱ्या टोकाला एका पायाचा पाच आकडी खर्च. मधलं काही कोणी सांगतच नाही. माझं म्हणणं या मधल्या जागेबद्दल आहे.

आधी आजार समजून घेऊ. शेतकऱ्याला हा सगळ्यात लवकर समजतो. विहिरीतल्या मोटरच्या पाइपाला खाली फुटवॉल असतो. तो चढलेलं पाणी परत खाली येऊ देत नाही. पायाच्या शिरांतही तसेच छोटे-छोटे वॉल असतात. पोटरीचे स्नायू चालताना दाबले जातात, रक्त वर चढतं आणि वॉल ते परत उतरू देत नाहीत. वॉल निकामी झाले की रक्त खाली साचतं, कातडीजवळची शीर ताणली जाते, वाकडी होते, फुगते. आनुवंशिकता, बाळंतपणं, वजन, वय, तासन्‌तास उभं राहणं, या सगळ्याचा त्यात हात असतो.

आता सांगा, फुटवॉल गेला तर पाइपाला बाहेरून फडकं गुंडाळून मोटर दुरुस्त होते का? नीट मापाचा स्टॉकिंग किंवा नीट बांधलेली पट्टी सूज कमी करते, आराम देते, जखम भरायला मदत करते. ते खरं आहे. पण गेलेला वॉल त्याने परत येत नाही. पट्टी सुटली की रक्त पुन्हा खाली.

मग इलाज काय? जी शीर उलटी वाहते तिला बंद करणं किंवा काढून टाकणं. "नस बंद केली तर रक्त जाईन कुठून?" हा प्रश्न दहापैकी नऊ जण विचारतात, आणि तो रास्त आहे. उत्तर असं की पायातलं बहुतेक रक्त आत खोलवरच्या मोठ्या शिरांतून वर जातं. वरची बिघडलेली शीर बंद झाली तर रक्त चांगल्या वाटेने जातं. मात्र आतल्या शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी बघावं लागतं.

बंद करण्याचे मुख्य मार्ग चार.

पहिला, जुनं ऑपरेशन. १८९० च्या सुमारास ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने ही शीर वर बांधायला सुरुवात केली. पुढे १९०७ मध्ये अमेरिकेत बॅबकॉक यांनी आत तार घालून अख्खी शीर ओढून काढायची पद्धत आणली. जांघेत छेद, सहसा कमरेतून भूल, एक-दोन दिवस भरती. शंभर वर्षं जगभर हेच चाललं.

दुसरा, लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी. सोनोग्राफीत बघत सुईच्या छिद्रातून बारीक तार शिरेत घालायची आणि उष्णतेने शीर आतून बंद करायची. जागेवरची भूल पुरते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. अमेरिकेत रेडिओफ्रिक्वेन्सीला १९९९ मध्ये आणि लेझरला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर तिकडे शीर ओढून काढणं झपाट्याने मागे पडलं.

तिसरा, फोम. औषध हवेत घुसळून त्याचा फेस करायचा आणि इंजेक्शनने शिरेत सोडायचा. यंत्र-तारेचा खर्च नाही म्हणून स्वस्त, पण पुन्हा-पुन्हा करावं लागण्याची शक्यता जास्त.

चौथा, शीर चिकटवणारा ग्लू. सगळ्यात नवा, आणि महाग.

इंग्लंडमध्ये 'नाइस' नावाची सरकारी संस्था आहे. कोणत्या आजाराला आधी कोणता उपचार द्यायचा, हे ती पुरावे तपासून सांगते. २०१३ मध्ये तिने क्रम लावून दिला: आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते जमत नसेल तर फोम, तेही नसेल तर ऑपरेशन. आणि नुसते स्टॉकिंग कधी? यातलं काहीच करण्याजोगं नसेल तेव्हा. म्हणजे जे तिकडे शेवटचं, ते आपल्याकडे पहिलं, आणि बहुतेकांसाठी एकमेव.

"म्हणजे लेझरच चांगलं ना?" असं कोणी म्हणेल. सोय बघाल तर हो, चांगलंच आहे. पण पुढचं ऐका. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर लेझर, फोम आणि ऑपरेशन यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निकाल २०१९ मध्ये आले. आजाराचा त्रास किती उरला हे बघितलं तर लेझर आणि जुनं ऑपरेशन दोन्ही फोमपेक्षा सरस निघाले. म्हणजे जुनं ऑपरेशन काही टाकाऊ झालेलं नाही. लेझरचे पैसे नाहीत म्हणून दहा वर्षं पट्टी गुंडाळत बसण्यापेक्षा, चांगल्या हाताने केलेलं जुनं ऑपरेशन कधीही बरं.

आणि बसून राहण्याची किंमत मोठी आहे. संध्याकाळी पाय जड होणं ही सुरुवात. मग घोट्याला सूज, खाज, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी आणि कडक. मग एक दिवस पऱ्हाटीचं खुंट लागतं किंवा डास चावलेली जागा खाजवली जाते, आणि जखम होते ती महिनोन्‌महिने भरत नाही. या जखमेवर इंग्लंडमधलेच दोन अभ्यास आहेत. २००४ च्या अभ्यासात ५०० रुग्ण होते. नुसत्या नीट पट्टीने जखमा भरल्या, पण वर्षभरात १०० पैकी २८ जणांची जखम परत उघडली. पट्टीसोबत ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण १२ होतं. आणि ते ऑपरेशन जुनंच होतं, लेझर नव्हे! २०१८ च्या अभ्यासात ४५० जण होते. ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, ज्यांना थांबवून ठेवलं त्यांना ८२ दिवस लागले. मजुरी करणाऱ्या घरात २६ दिवस म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आता आपल्याकडचा खरा घोळ. पाय सुजला की आपल्याकडे पहिली शंका हत्तीपायाची. वर्धा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे शंका चुकीची नाही. कातडी काळी पडली की इसब. जखम झाली की शुगर. कधी ते खरं असतं, कधी नसतं. हे वेगळं करायला डॉप्लर सोनोग्राफी लागते, शिरांच्या या आजारासाठी ती उभं करून केलेली. ती न करता कोणी सरळ लेझरची तारीख देत असेल तर उठून या. एका मोफत शिबिरात मी स्वतः बघितलं: पाय नुसता डोळ्याने पाहिला आणि हातात पॅकेजचा कागद. आणि ती न करता कोणी वर्षानुवर्षं मलमं लिहून देत असेल, तर तिथूनही उठा.

मला राग याचा येतो की हे सगळं वर्धा जिल्ह्यात घडतं. देशात किती जिल्ह्यांत एकही मेडिकल कॉलेज नाही, आपल्याकडे सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन आहेत. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला खेड्यांसाठी म्हणून कॉलेज काढलं. त्या दवाखान्याने ज्वारीच्या बदल्यात आरोग्य विमा दिला, पैसे नसतील तर ज्वारी द्या म्हणून. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवायला सुरुवात केली. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची सेवा गांधीजींनी स्वतःच्या हाताने केली. पायाच्या जखमेकडे नाक मुरडू नका, हे साऱ्या देशाला शिकवणारा आपला जिल्हा. आणि आपल्याच गावात बाई साडीचा काठ खाली ओढून जखम लपवते.

पैशाचं म्हणाल तर वाट अगदीच बंद नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजांचे नियम वेगळे. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या शासन निर्णयाने सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि मर्यादा पाच लाख झाली. पण तुम्हाला सांगितलेला उपचार त्या यादीत, त्या दवाखान्यात बसतो का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा, लाजू नका. कोणत्या शिरेचे वॉल गेले? आतल्या शिरा मोकळ्या आहेत का? माझ्यासाठी हाच उपचार का, दुसरा का नाही, आणि दुसऱ्याला किती लागले असते? परत झालं तर काय? नीट डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही.

आता मागण्या. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत या मांडायला हव्यात.

१. तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी-शुगर तपासणी होते, तेव्हा प्रत्येकाचे पायही बघा. साडी, पँट गुडघ्यापर्यंत वर, उभं करून, दोन मिनिटं. खर्च शून्य.

२. सेलू किंवा वर्ध्याला आठवड्यातला एक दिवस पायाच्या डॉप्लरसाठी ठरवा आणि गावातून चिठ्ठी देऊन पाठवा.

३. आरोग्य केंद्रात जखमेसाठी नीट दाब देणाऱ्या पट्ट्या ठेवा आणि सिस्टरांना बांधायचं प्रशिक्षण द्या. बिडी-तंबाखूवाल्याच्या आणि शुगरवाल्याच्या पायात आधी नाडी बघावी लागते. रक्त खाली पोचतच नसेल तर घट्ट पट्टीने पाय जायची भीती.

४. शासकीय किंवा योजनेतल्या प्रत्येक दवाखान्याने बोर्ड लावावा: गेल्या वर्षी शिरांचे किती रुग्ण आले, किती जणांचं ऑपरेशन, किती लेझर, किती फोम, किती जणांना नुसती पट्टी देऊन घरी पाठवलं. कापसाचा भाव रोज बोर्डावर लागतो, मग हे का नाही? शासकीय दवाखाने देत नसतील तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. हा अर्ज मी लिहून देतो, सह्यांना कोण-कोण येतं ते सांगा.

चौथी मागणी सगळ्यात महत्त्वाची. कोणाला कोणता उपचार मिळतो, हे आज पायावरून ठरत नाही. तुम्ही कोणत्या दारात पोचलात आणि खिशात किती होतं, यावरून ठरतं. आकडे समोर आले की ही गोष्ट लपवता येणार नाही.

जाता जाता दोन गोष्टी, या लक्षात ठेवाच. फुगलेली शीर फुटून रक्त वाहायला लागलं तर उभं राहू नका, खुर्चीवर बसू नका. आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा आणि तसंच दवाखान्यात न्या. अशा रक्तस्रावाने माणसं दगावली आहेत. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर चोळू नका. आत गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माझ्या दुकानात क्रेप बँडेज आहे, उद्याही विकली जाईल. पण तुम्ही पट्टी घ्यायला याल तेव्हा मी एक प्रश्न विचारणार आहे: "डॉप्लर झाली का?" राग मानू नका.

घरातल्या मोठ्यांना ही पोस्ट वाचून दाखवा, आणि आज संध्याकाळी आईचे पाय एकदा बघा.

#पायाच्या_शिरा #हिंगणी #आरोग्य_आपला_हक्क