आडनावाची साक्ष कितपत धरावी?

‘पाटील म्हणजे नेमके कुठले पाटील?’ सोयरीक जुळवण्याच्या बैठकीत हा प्रश्न हटकून येतो. आडनाव कळले की समोरच्याचा सगळा ठावठिकाणा कळतो, अशी विचारणाऱ्याची पक्की समजूत असते. ती खरी असती तर हा दुसरा प्रश्न विचारायची वेळच आली नसती. अशा तीन-चार समजुती मराठी घरांत पिढ्यानपिढ्या मुक्कामाला आहेत. त्यांची एकदा उलटतपासणी व्हायलाच हवी.

पहिली समजूत अशी, की आडनावे इंग्रजांनी शिरगणतीच्या वेळी चिकटवली. गाढवे, ढेकणे, आगलावे ही त्याच थट्टेची पिलावळ. आता देशभर एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती १८८१ची. त्याआधी दोनशे वर्षे कान्होजी जेधे, बाजी पासलकर, तानाजी मालुसरे, येसाजी कंक, नेताजी पालकर ही माणसे होऊन गेली. त्यांना आडनाव कोणत्या कलेक्टराने दिले? शिवाय ‘आगलावे’ सुचायला जेवढे मराठी यावे लागते, तेवढे येणारे गोरे साहेब फार नव्हते. असली नावे गावाने गावातल्याच माणसाला ठेवलेली आहेत. चावडीवरच्या चेष्टेचे खापर साहेबाच्या माथी फोडणे सोयीचे आहे, एवढेच.

इंग्रजी अमदानीने केले ते वेगळेच. शाळा, कचेरी आणि कोर्ट यांनी आडनावाचा रकाना छापला आणि त्यात एकच शब्द मागितला. तोवर एकच माणूस वतनाने पाटील, कुळाने मोरे आणि परगावी गेल्यावर गावाच्या नावाने ‘कर’ असू शकत होता. खुद्द तुकोबांचे कुळ मोरे, आडनाव आंबिले. छापील रकान्याला हा ऐसपैसपणा मानवला नाही.

दुसरी समजूत जातीची, आणि ती सर्वांत चिवट. आडनावावरून जात ओळखणाऱ्यांनी दोन गायकवाड शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, आणि नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले दादासाहेब गायकवाड. आडनाव एक, जाती दोन. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते, हे किती जणांना चटकन आठवते? कोकणातल्या मुसलमानांत चौगुले, देशमुख, पारकर सापडतात. बेने इस्राएल ज्यूंत किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर आहेत; हिंदी सिनेमात डेव्हिड म्हणून गाजलेले नट चौलचे चेऊलकर होते. ‘कर’ पाहून धर्मही सांगता येत नाही, तिथे जातीची काय कथा!

तिसरी समजूत जरा भारदस्त आहे: जाधव म्हणजे यादव, मोरे म्हणजे मौर्य, कदम म्हणजे कदंब. यातले जेवढे खरे, तेवढे मान्य करावे. संस्कृतातल्या आरंभीच्या ‘य’चा मराठीत ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला. तेव्हा यादवाचा जाधव होण्यात भाषेला काही अडचण नाही. पण शब्दाची व्युत्पत्ती सापडली म्हणजे घराण्याची वंशावळ सापडली असे होत नाही. प्रत्येक जाधवाला देवगिरीच्या यादवांपर्यंत नेऊन भिडवायचे, तर मधल्या सातशे वर्षांचे कागद दाखवावे लागतील. कानाला पटले हा पुरावा तिथे चालणार नाही.

आणि आडनावे म्हणजे अस्सल देशी ठेवा, असे म्हणणाऱ्यांनी चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांच्या शेपटाकडे पाहावे. तो ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांना संस्कृत नावे मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. आडनावांनी मात्र हा हुकूम अर्धाच पाळला. आज अमात्यही भेटतात आणि मुजुमदारही.

मग आडनावाला काहीच किंमत नाही? आहे, आणि ती मोठी आहे. फक्त ते ज्याची साक्ष देते, त्याचीच घ्यावी. एखाद्या घराण्याला कोणत्या तरी एका वळणावर लोक काय म्हणू लागले, किंवा त्याने स्वतःला काय म्हणवून घ्यायचे ठरवले, एवढे आडनाव सांगते. त्यामागचे रक्त, जात आणि हजार वर्षांचा इतिहास त्याच्या जबानीत बसत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकट्या मंडणगड तालुक्यातली दोन गावे याची साक्ष द्यायला पुरेत. वेळासच्या भानू घराण्यातला बाळाजी जनार्दन पुण्यात फडावर बसला आणि भानू मागे पडून इतिहासात नाना फडणवीस उरला. आंबडवे हे सकपाळांचे गाव. रामजी सकपाळांच्या मुलाचे नाव १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले ते गावाच्या आठवणीने, भिवा रामजी आंबेडकर असे. एका घराने हुद्द्यासाठी कुळाचे नाव सोडले, दुसऱ्याने गाव सुटल्यावर गावाचे नाव धरले. साताऱ्याकडच्या कटगुणचे गोऱ्हे पुण्यात फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. जोतीरावांचे आडनाव ते हे. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतले.

‘कर’वाल्या आडनावांतली मेख इथेच आहे. मंगेशीत राहणाऱ्याला मंगेशीतले कोणी मंगेशकर म्हणून हाक मारणार नाही. तिथे सगळेच मंगेशीचे. हे नाव वेस ओलांडल्यावर कामाला येते. म्हणजे ‘कर’ हा बहुतेक वेळा स्थायिकाचा नव्हे, गाव सोडलेल्याचा खुणेचा शब्द आहे. मुंबईत ‘आम्ही मूळचे, ते उपरे’ असा वाद घालणाऱ्या प्रत्येक ‘कर’ने हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

तेव्हा आपल्या आडनावाचा अर्थ ज्याला खरोखर हवा आहे, त्याने शब्दकोश आणि फोनवर फिरणाऱ्या वंशावळी जरा बाजूला ठेवाव्यात. घरच्या ट्रंकेत मोडीतले एखादे खरेदीखत असेल, ते वाचणारा माणूस गाठावा. तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहावेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांनी आपले नाव कसे सांगितले, हे एकदा जाऊन पाहावे. कदाचित तिथे वेगळेच आडनाव निघेल.