नगर आणि मोकळी जागा

गेल्या परीक्षेंत आम्हीं ‘आमचें आदर्श नगर’ हा विषय निबंधास घातला होता. गागोदे बुद्रुकहून येणाऱ्या एका हुशार मुलानें आपल्या नगरांत बाग योजिली. तींत कारंजें, विलायती हिरवळ, फरसबंद वाटा आणि सिमेंटचीं हरणें! गुण आम्हीं दिले, पण मन खट्टू झालें. डोंगराचा ओहोळ आणि उंबराची सावली रोज पाहणाऱ्या मुलास नगर वसवितांना त्यांतलें कांहींच घ्यावेंसें वाटूं नये?

मुंबईंत धारावीलगत, मिठी नदीच्या कांठीं, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ही सुमारें ३७ एकर जागा पूर्वी शहराचा उकिरडा होती. त्यावर माती पसरून झाडें लाविलीं, आणि १९९४ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें. आज तेथें दाट रान आहे. पांखरें येतात, पावसाचें पाणी सांठवितात. वाटेवर वाळलीं पानें पडतात खरीं. पण तीं झाडांचें खत होय, केर नव्हे.

त्याच मिठीनें २६ जुलै २००५ रोजीं हाहाकार केला. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसांत पाणी तुंबलेंच असतें, हें आम्ही मान्य करतों. परंतु भराव घालून व इमारती उठवून नदीचे कांठ आवळले नसते, तर पाण्यास पसरावयास जागा तरी मिळाली असती.

ही गोष्ट आतां दूरची राहिली नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबई आमच्या उंबरठ्याशीं आली. शेतांचे भूखंड पडत आहेत. मोठ्या जमिनीचे भूखंड पाडतांना सुमारें दहावा हिस्सा मोकळा सोडावा असा नियम आहे. पण बहुधा सोडतात तो कोणता? जो विकला जात नाहीं तो कोपरा! आमचें म्हणणें असें कीं, आधीं ओहोळ, सखल जमीन व जुनीं झाडें नकाशावर मांडावीं, घरें मागाहून. गागोद्यांत १८९५ सालीं जन्मलेले विनोबा भावे १९५१ पासून भूमिहीनांसाठीं जमीन मागत देशभर पायीं हिंडले. त्यांच्याच तालुक्यांत ओहोळापुरती जागा सर्वांसाठीं राखतां येऊं नये काय?

येत्या पावसाळ्यांत त्या मुलाच्या वर्गास आम्ही गांवच्या ओहोळाचा नकाशा काढावयास लावणार आहों. कपडे चिखलानें माखतील. पालकांनीं तेवढें सोसावें.