संघ आणि खेळाडूंची यादी

प्रत्येक हंगाम संपला की व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या कचेऱ्यांतून दोन याद्या बाहेर पडतात. एक जाणाऱ्या खेळाडूंची, दुसरी येणाऱ्यांची. वृत्तपत्रांची क्रीडापाने काही दिवस या याद्यांनी व्यापून जातात. कोणाचा करार किती रकमेचा झाला याची चर्चा रंगते आणि पुढील हंगामाचा निकाल जणू कागदावरच लागला आहे, अशा थाटात भाकिते वर्तविली जातात. नामवंत खेळाडूंची यादी म्हणजे संघ, अशी समजूत या साऱ्यामागे असते. ती किती अपुरी आहे हे पाहण्यासाठी युरोपातील धनाढ्य क्लबांकडे जाण्याचे कारण नाही. गोव्यातील धेंपो स्पोर्ट्स क्लबचा 2004 ते 2016 या काळातील इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

या इतिहासाचा आरंभच एका आघाताने होतो. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोची गाठ मोहन बागानशी पडली होती. क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा आघाडीचा खेळाडू त्याच वर्षी कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून धेंपोत आला होता. त्याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपोने सामना जिंकला, पण ज्याच्या गोलांवर जिंकला तो खेळाडू गमावून. हंगामाच्या मध्यावर मुख्य खेळाडू अशा रीतीने नाहीसा झाल्यावर कोणताही संघ खचला असता तर त्याला दोष देता आला नसता. प्रत्यक्षात त्याच हंगामात धेंपोने राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद प्रथमच मिळविले. क्रिस्तियानोचा 10 क्रमांक क्लबने पुढे कोणाला दिला नाही. यादीतील सर्वांत मोठे नाव पुसले गेल्यावरही जे उभे राहते, त्यास संघ म्हणतात.

हा संघ एका वर्षात उभा राहिलेला नव्हता. आर्मांदो कुलासो यांनी 2000 साली प्रशिक्षकपदाची सूत्रे घेतली आणि 2013 पर्यंत ती त्यांच्याच हाती राहिली. दोन-चार पराभव झाले की प्रशिक्षकाला निरोप देण्याची प्रथा असलेल्या या व्यवसायात तेरा वर्षे हा काळ विरळाच. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स आणि 2007 पासून महेश गवळी हे गोव्याच्याच मातीतले खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळले. त्यांच्या जोडीला बेटो हा ब्राझीलचा आणि रँटी मार्टिन्स हा नायजेरियाचा, असे परदेशी खेळाडूही दीर्घकाळ टिकले. चेंडू मिळण्यापूर्वीच सहकारी कोठे असेल हे ज्याला ठाऊक असते, त्याला शोधावे लागत नाही. ही जाण सरावाने येते आणि सरावाला वर्षे लागतात.

फळ डोळ्यांत भरण्याजोगे होते. 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा धेंपोने पाच वेळा जिंकली. 2008 साली एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली. उरलेल्या तीन विजेतेपदांपैकी दोन चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्यातीलच क्लबांकडे गेली आणि एक मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे. म्हणजे आठही वर्षे भारतीय फुटबॉलचे नेतृत्व पश्चिम किनाऱ्याकडे होते. 2011 च्या जनगणनेनुसार ज्या राज्याची लोकसंख्या पंधरा लाखांनाही पोहोचत नाही, त्याने कोलकात्याच्या लक्षावधी पाठीराखे असलेल्या क्लबांना इतकी वर्षे मागे ठेवावे, ही गोष्ट केवळ पैशाने साधणारी नव्हे.

2011-12 च्या हंगामात रँटी मार्टिन्सने 32 गोल केले आणि धेंपोने पाचवे विजेतेपद पटकाविले. त्यानंतर रँटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. व्यावसायिक खेळाडूने अधिक मोबदल्याचा करार स्वीकारावा यात गैर काहीच नाही. खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकी असतात आणि दुखापत सांगून येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. पुढच्या हंगामात रँटीने नव्या क्लबसाठीही 26 गोल केले, पण लीगचे विजेतेपद त्या क्लबला लाभले नाही. इकडे धेंपोलाही ते पुन्हा कधी मिळाले नाही. खेळाडू गेला तो आपले गोल घेऊन गेला. ज्यांच्यामुळे त्या गोलांचे विजेतेपद होत असे, ती माणसे मात्र त्याला बरोबर नेता आली नाहीत.

2013 मध्ये कुलासोही गेले. त्यानंतरच्या दोन हंगामांसाठी ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आणि इंग्लंडचे ट्रेवर मॉर्गन असे दोन प्रशिक्षक आले. दोघांच्या पात्रतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु प्रत्येक नव्या प्रशिक्षकाबरोबर खेळाची नवी पद्धत येते आणि खेळाडूंची फेरमांडणी होते. अशा वेळी संघाला उसंत हवी असते. नेमकी तीच मिळाली नाही, कारण 2014 च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. आय-लीगच्या क्लबांचे खेळाडू काही महिन्यांसाठी उसने देण्याची व्यवस्था होती. धेंपोचे मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस आदी खेळाडू एफसी गोवा या नव्या संघात दाखल झाले. या संघाच्या मालकांत आरंभी श्रीनिवास धेंपो हेही होते. झिको यांच्यासारख्या थोर खेळाडूच्या मार्गदर्शनाखाली या संघाने उपान्त्य फेरी गाठली आणि गोव्यातील प्रेक्षक हरखून गेला.

काही आठवड्यांतच आय-लीगचा हंगाम उभा ठाकला. खेळाडू परतले, पण सराव वेगळ्या संघात, वेगळ्या पद्धतीने झालेला होता. रोमिओ तर 2015 च्या आरंभी ब्राझीलच्या क्लबकडे रवाना झाला. ज्या हंगामाची तयारीच अशी विस्कटलेली, त्याचा शेवट 2015 च्या उन्हाळ्यात झाला तो धेंपोच्या खालच्या श्रेणीतील घसरणीने. पुण्याचा भारत एफसी गुणतक्त्यात त्याच्याही खाली होता, पण नव्याने प्रवेश दिलेल्या संघास घसरणीपासून संरक्षण असल्याने गच्छंती झाली ती पाच वेळच्या विजेत्याची. ज्याला संरक्षण होते तो क्लबही पुढच्या हंगामात उतरला नाही.

धेंपोने हा निर्णय निमूटपणे स्वीकारला. 2016 साली दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून त्याने आपली जागा मैदानावर परत मिळविली. परंतु तोपर्यंत वरच्या जागेचा अर्थच बदलू लागला होता. सुपर लीग ही देशाची प्रमुख स्पर्धा करावी आणि आय-लीगला तिच्या खाली बसवावे, असा प्रस्ताव फुटबॉल महासंघाने पुढे आणला. खालून जिंकत वर जाण्याची वाट त्यात दिसत नव्हती. जिंकूनही वर जाता येणार नसेल तर संघ कशासाठी बांधावयाचा, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर न मिळाल्याने साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब त्या वर्षी राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सुपर लीगमुळे भारतीय फुटबॉलमध्ये पैसा आला, दूरचित्रवाणीवर खेळ घरोघरी पोहोचला आणि खेळाडूंचे मानधन वाढले. जुने क्लब एखाद्या उद्योगगृहाच्या मर्जीवर चालत. ती ओसरली की संपत, हा आक्षेपही खोटा नाही. 2006 चा विजेता महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला तो सुपर लीगमुळे नव्हे. बदल आवश्यक होता. आक्षेप आहे तो बदलाला नव्हे, तर नवे उभारताना जुन्याला त्यात सन्मानाने जागा न ठेवण्याला. आय-लीगच्या विजेत्याला वर जाण्याचा मार्ग अखेर खुला झाला आणि 2023 मध्ये पंजाब एफसी त्या मार्गाने वर गेला. जे 2023 मध्ये शक्य झाले ते 2016 मध्येच निश्चित शब्दांत सांगितले गेले असते, तर तीन क्लबांना जाण्याचे कारण उरले नसते.

स्थिर संघाची किंमत केवळ चषकांत मोजता येत नाही. क्लिफर्ड मिरांडा यांनी 2020 साली हंगामाच्या अखेरीस एफसी गोवाची धुरा सांभाळली आणि साखळी फेरीतील अव्वल स्थानाचे मानचिन्ह मिळवून दिले. 2023 मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ओडिशा एफसीने सुपर चषक जिंकला. महेश गवळी राष्ट्रीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले. समीर नाईक यांनी धेंपोचीच जबाबदारी उचलली आणि 2024-25 मध्ये क्लब आय-लीगमध्ये परतला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून तेच उभे होते. एका प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या खेळाडूंतून पुढच्या पिढीचे शिक्षक निघाले, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. शिक्षक दरवर्षी बदलत राहिले तर शाळेत वर्ग भरतात, पण शाळा घडत नाही. क्लबांचेही तसेच आहे.

तेव्हा दर हंगामात येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी वाचताना, कोण आला याबरोबरच कोण राहिला आणि किती वर्षे राहिला, हेही पाहिले पाहिजे. महासंघ आणि लीगचे चालक यांनी तर ते आवर्जून पाहावे. स्पर्धांचे वेळापत्रक असे असावे की खेळाडू वर्षभर एकाच संघाचा राहील. नियम असे असावेत की पुढील पाच वर्षांत आपण कोठे असू हे क्लबला हंगामापूर्वी कळेल, आणि वर जाण्याचा व खाली येण्याचा निवाडा गुणतक्त्याखेरीज अन्यत्र होणार नाही. एवढी हमी मिळाली तर संघ बांधण्याचे काम गोव्यातील गावागावांची मैदाने पूर्वीप्रमाणेच करतील. ती मैदाने अजून ओस पडलेली नाहीत.