काढलेली चरबी, उरलेली चरबी

लग्नसराई तोंडावर आली की शहरभर फलक झळकू लागतात: 'एका तासात चार इंच कमी!' या इंचांवरून आमच्या कचेरीत वाद रंगला आणि त्यातूनच हा अंक निघाला.

लायपोसक्शन आता नवं नाही. पोकळ नळीने त्वचेखालची चरबी ओढून घ्यायची, एवढंच ते. चरबी गोठवण्याची कहाणी मात्र मजेशीर आहे. बर्फाची कांडी चोखणाऱ्या मुलांच्या गालांतली चरबी थंडीने दुखावते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. बॉस्टनच्या संशोधकांना यंत्र सुचलं ते त्यावरून. (म्हणजे आपल्या पेप्सीकोल्याचंही थोडं श्रेय!) क्वचित गोठवलेला भाग उलट फुगून कडक होतो. मॉडेल लिंडा इव्हान्जेलिस्टा यांनी २०२१ मध्ये आपल्या बाबतीत हेच घडल्याचं जाहीर केलं.

पण नळीला न सापडणारी, आतड्यांभोवतीची चरबी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. त्याच वर्षी अमेरिकेत, पोटावरची नऊ-दहा किलो चरबी काढलेल्या स्त्रियांची तपासणी झाली. इन्सुलिनचं गणित जिथल्या तिथेच होतं, कारण आतली चरबी नळीला सापडलीच नव्हती.

म्हणून या अंकात शल्यविशारदांइतकीच जागा मधुमेहतज्ज्ञांना दिली आहे. दरपत्रक छापलेलं नाही, ते फलकावर मिळेलच. तुम्ही हे करून घेतलं असेल, किंवा दारातून परत फिरला असाल, तर जरूर लिहा. नाव छापणार नाही.