गोधडीचे दप्तर

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांच्या अडगळीतून जुने कागद मिळवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध होऊ लागली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मोडी कागदाचे मोल मराठी समाजाला त्यामुळे उमगले. त्याच वाड्यांच्या माजघरात शिवल्या गेलेल्या गोधडीचे मोल मात्र अद्याप उमगायचे आहे.

अडचण खरी आहे. गोधडी शिवली जाते ती वापरण्यासाठी. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून धावदोरा घालायचा. विरली की तीच नव्या गोधडीच्या पोटात. म्हणजे पुरावा स्वतःच झिजून जाणारा! मग उरतात ते भोवतालचे कागद : बाळंतविड्याची यादी, कापडखरेदीचा जमाखर्च, माहेरची पत्रे, दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्याचे छायाचित्र. जुने घर पुनर्विकासाला गेले की रद्दीत आधी जातात ते हेच.

अमेरिकेच्या केंटकी राज्यात १९८१ मध्ये घरोघरच्या गोधड्यांची पद्धतशीर नोंद सुरू झाली. पुढे इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. महाराष्ट्राने त्यासाठी शासकीय अनुदानाची वाट कशाला पाहावी? सुती पट्टीवर शिवणारीचे नाव, गाव, साल आणि लुगडे कोणाचे, एवढे लिहून ती गोधडीच्या मागे टाचावी. प्लॅस्टिकची पिशवी नको. धुतलेल्या सुती कापडात बांधून ठेवावी. आजी आहे तोवर तिला विचारून घ्यावे. लुगडे कोणाचे, हे तिच्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.