तीन वारस-अर्ज

मुरबाड-शहापूर भागात बँकेच्या नोकरीत असताना एकाच घरातले तीन वारस-अर्ज काही वर्षांच्या अंतराने माझ्या टेबलावर आले. आधी वडील, मग दोन मुलगे. तिघेही पन्नाशीच्या आत, तिघेही छातीत कळ येऊन गेलेले. मी सह्या पडताळल्या, रक्कम दिली. तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत, हे काही सुचले नाही.

त्या घरात काय होते, हे आज सांगता येणार नाही. पण आनुवंशिक कोलेस्टेरॉलविषयी वाचताना ते कागद आठवतात. या विकारात यकृताला रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल पुरेसे उचलता येत नाही; ते जन्मापासून रक्तवाहिन्यांत साचत जाते. याचे मूळ शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. आई-वडिलांपैकी एकाला विकार असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. जगात साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला तो असतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मिळून पाच लाखांच्या आसपास वस्ती. हेच प्रमाण धरले, तर दीड हजारांहून अधिक माणसे झाली!

आता वय, एलडीएल, घराण्यातला हृदयविकार अशी माहिती घेऊन संगणक संख्याशास्त्राच्या आधारे संशयित रुग्ण वेगळे काढू शकतो. मात्र त्याच्या अचूकतेच्या टक्केवारीला भुलू नये. प्रत्येक नोट खरी मानणारा कॅशियरही बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. तसे 'कोणालाच विकार नाही' म्हणणारे यंत्र ९९ टक्क्यांहून अधिक वेळा अचूक ठरेल आणि एकही रुग्ण शोधणार नाही. खऱ्या रुग्णांपैकी किती सापडले आणि निरोगी किती उगाच धास्तावले, हे विचारावे.

शिवाय यंत्र शिकते ते नोंदींवरून. शहापूरच्या भातसा-तानशाचे पाणी मुंबई पिते. तिथल्या माणसांच्या नोंदीही या हिशेबात यायला हव्यात. आपल्याकडे ही नोंद बहुधा आजीच्या आठवणीतच असते.

तेव्हा सुरुवात घरातून करू या. पंचावन्नच्या आत गेलेले पुरुष, साठीच्या आत गेलेल्या बायका, त्यांचे वय आणि कारण वहीत लिहून ठेवावे. संशय आला तर रक्त तपासावे. एलडीएल १९०च्या वर असेल, तर डॉक्टरांना वही दाखवावी आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी करावी. वेळेवर कळले, तर रोजच्या गोळीने धोका पुष्कळ कमी होतो.

ते तीन कागद मी वेगवेगळ्या फायलींत लावले होते. घरच्यांनी तरी ते एकत्र ठेवावेत.